डाव्या उंबरठ्यातली टिकटिक

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कुणीही वाचायची नाही. थोर माणसांच्या आयुष्यात एक क्षण येतो आणि तेव्हा त्यांच्याजवळ वही असावी लागते. माझा क्षण एकतीस तारखेला आहे.

त्या दिवशी कानसेन रिटायर होतायत. कानसेन म्हणजे आमच्या फॅक्टरीचे फायनल इन्स्पेक्टर. तयार गाडीत पांढरे हातमोजे घालून बसतात, डोळे मिटतात आणि कुठला स्क्रू पाव आटा ढिला आहे ते सांगतात. ते हातमोजे मला मिळाले पाहिजेत. मिळणारच. दुसरा लायक माणूस दाखवा.

एकोणीस वर्षं मी ‘आतला’ आहे. आम्ही महिन्याला जेमतेम एक, अशा मोजक्याच गाड्या बांधतो. जमिनीपासून हातभर उंच आणि विमानासारख्या पळणाऱ्या. त्यांच्या डॅशबोर्डच्या मागे वायरी ओढायला जो माणूस सीटच्या पाठीवर पाय टाकून, डोकं पेडलपाशी घालून उलटा झोपतो, तो मी. उंची पाच फूट एक इंच. खांदे अरुंद. मॅनेजर म्हणतात, देवाने तुम्हाला या गाडीसाठीच बनवलंय. हे कौतुक नसून कोठडी आहे, हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

संकल्प : अर्ज करायचा. कमी बोलायचं. पोट आत घ्यायचं.

४ मार्च. दुपारी १२.२०, गाडी नंबर ४१ च्या आत

जेवणाच्या सुट्टीत इथेच लिहितोय. पेन मोज्यात लपवून आणलं. आमच्या कपड्यांना खिसे नसतात. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, सगळं गेटवर काढून ठेवायचं, रंगावर ओरखडा नको म्हणून. नियम चांगला आहे. सामान्य माणसांसाठी.

पेन सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. पितळी टोपणाचं. शाई जांभळी.

इतिहासासाठी नोंद : गाडी कशी बनते. काळं कार्बनचं कापड फ्रीजरमधून काढतात, कात्रीने बेततात, साच्यात थरावर थर बसवतात आणि दाबाच्या भट्टीत भाजतात. बाहेर येतो तो टब. गाडीचा सांगाडा. दोघांनी उचलावा इतका हलका आणि हातोड्याने फुटणार नाही इतका टणक. दाराखाली दोन्ही बाजूंना त्याचे रुंद, पोकळ उंबरठे असतात. त्यांतून माझ्या वायरी जातात. मग उंबरठ्यावर चामडं चढवलेली पट्टी बसते आणि माझं काम कायमचं गाडलं जातं.

पट्टी बसवून जागच्या जागी शिवते आमची ही. बायको. शिलाईखान्यात सोळा वर्षं. नवरा गाडतो, बायको पुरते, असं पेंटवाले म्हणतात. मूर्ख आहेत.

५ मार्च. संध्याकाळी

मौनीबाबाच्या इंजिनावर आज त्याच्या नावाची पितळी पट्टी लागली. आमच्याकडे एक इंजिन एकच माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडतो, म्हणून त्याचं नाव. मौनीबाबा दिवसातून चार शब्द बोलतो, त्यातले दोन ‘पाना दे’. आणि नाव त्याचं!

अन्याय सहन करणं हाही अपराध आहे. म्हणून डाव्या उंबरठ्याची पट्टी लागायच्या आधी तिच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर मी चार ओळी लिहिल्या :

‘गाडी घेणाऱ्या माणसा, इंजिनावर ज्याचं नाव आहे त्याने फक्त इंजिन केलं. या गाडीच्या शिरा मी ओढल्या, उलटा लटकून. इथल्या मॅनेजरला वायर आणि सुतळी यांतला फरक कळत नाही. — आतला माणूस.’

पन्नास वर्षांनी कुणीतरी गाडी उघडेल आणि हादरेल.

ही पट्टी बसवायला आली तेव्हा विचारलं, बोटांना जांभळं काय लागलंय? ग्रीस म्हटलं. म्हणाली, जांभळं ग्रीस? मग पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि लावून टाकली. तिच्या लक्षात आलेलं नाही.

६ मार्च. सकाळी ६.३०

पेनाचं टोपण सापडत नाही. रविवारी मेहुणा आला होता, त्याने कसलातरी फॉर्म भरायला पेन घेतलं होतं. त्याच्याशिवाय कोण? हिला सांगितलं. म्हणाली, माझ्या भावाला बोल लावू नका, परवापर्यंत टोपण होतं, मी पाहिलंय. रक्ताचं नातं डोळ्यांवर पट्टी बांधतं.

उजवा मोजा जांभळा झाला.

७ मार्च

आज ४१ चं लग्न. इंजिन खालून उचलून सांगाड्याला जोडतात, त्याला आम्ही लग्न म्हणतो. सगळे गोळा होतात, टाळ्या वाजतात. मौनीबाबा नवरदेवाच्या बापासारखा उभा. त्या वेळी मी कुठे होतो? आत. वायर धरून. ओरडून विचारलं, झालं का? कुणी ओ दिली नाही.

१० मार्च, सोमवार

अर्ज दिला. सोबत छोटंसं निवेदन केलं, पस्तीस मिनिटांचं. मॅनेजर म्हणाले, बघू. त्यांच्या आवाजात एक कंप होता. भारावले असावेत.

घरी हिला सगळं भाषण पुन्हा करून दाखवलं. मध्येच म्हणाली, अहो, मलाही एक सांगायचंय. म्हटलं, शेवटी प्रश्नोत्तरं आहेत. शेवट होईपर्यंत ती झोपली होती.

१२ मार्च. दुपारी ३.१५

मोठी बातमी! ४१ मध्ये आवाज आहे.

गाडी तयार झाली की ती हलवण्याच्या मशिनवर चढते. चार चाकांखाली चार खांब, खडबडीत रस्त्यासारखे वरखाली होतात. कानसेन आत डोळे मिटून. अकराव्या मिनिटाला हात वर केला. मशीन थांबलं. म्हणाले, टिक.

पुन्हा हलवली. टिक.

गिऱ्हाईक अठ्ठावीसला गाडी घ्यायला येतंय. दोन वर्षं वाट पाहिलीय त्याने. मॅनेजरचा चेहरा भट्टीतल्या कापडासारखा झाला. मी पुढे झालो. म्हटलं, तीन दिवस द्या. आवाज काढतो आणि तो ठेवणारा गुन्हेगारही उभा करतो. मॅनेजर म्हणाले, करा. कानसेनांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. वारसाकडे बघतात तसं.

१३ मार्च

डॅशबोर्ड सोडवला. पुढच्या, सामानाच्या पेटीची आतली कळही सोडवली. काही नाही. बसवायला उद्या.

१४ मार्च

तीन दिवस म्हणजे कामाचे तीन दिवस. आणि तेही अंदाजे.

तर्क असा. हत्यार असू शकत नाही. आमच्या प्रत्येक हत्याराची बोर्डावर त्याच्याच आकाराची खाच असते आणि संध्याकाळी एक जरी खाच रिकामी राहिली तरी कुणाला घरी सोडत नाहीत. म्हणजे ही कुणाची तरी खाजगी वस्तू आहे. गेटवरचा नियम मोडून आत आणलेली. किती नीच वृत्ती!

माझा संशय मौनीबाबावर. इतका गप्प माणूस काहीतरी लपवतच असणार.

ही म्हणाली, डावा उंबरठा बघितलात का? म्हटलं, तिथलं काम मी स्वतः केलंय, बघायची गरज नाही. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. अभिमानाने.

१७ मार्च, सोमवार

शोध लांबतोय, कारण शिस्त नाही. म्हणून रविवारभर बसून नियम केले. मॅनेजरना इतके आवडले की टाईप करून बोर्डावर लावले. पहिला : गाडीत खाजगी वस्तू ठेवणाऱ्याला पुन्हा कधीही बढती मिळणार नाही. दुसरा : त्याला लपवणाऱ्यालाही तीच शिक्षा. तिसरा : वस्तू सापडताच सर्वांसमक्ष दाखवावी, हात उघडून. खाली ‘आजपासून लागू’. ते शब्दही माझेच.

दुसऱ्या नियमाचा मला जास्त अभिमान आहे. दयामाया हीच संस्थांची वाळवी असते.

१८ मार्च

पेन सुकलं. थुंकी लावून लिहितोय. हिने पुन्हा विचारलं, टोपण नक्की कधीपासून नाही? मेहुण्याचा विषय मी पुन्हा काढला. तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, तो दुसरा नियम काढता येईल का? विचारलं, तुला काय त्याचं? म्हणाली, तेच तर सांगायचं होतं, एक तारखेला आमच्याकडे... तेवढ्यात मला तिसऱ्या नियमाची दुरुस्ती सुचली.

२० मार्च. दुपारी

आज शास्त्रीय प्रयोग. या गाडीत इंजिन मागे आणि सामानाची पेटी पुढे. पेटीत मी मावतो. आत झोपून झाकण लावून घेतलं. कानसेनांनी गाडी ट्रॅकवर फिरवली. प्रत्येक खड्ड्याला आवाज स्पष्ट. टिक. माझ्या पायांच्या दिशेने, डावीकडून.

डावीकडे, मागे. म्हणजे इंजिन! मौनीबाबा!

परत आल्यावर जेवणाची घंटा झाली आणि सगळे गेले. झाकण आतून उघडायची कळ असते. ती मीच तेरा तारखेला सोडवली होती आणि लावायची राहिली होती. चाळीस मिनिटं आत. गुडघे हनुवटीला. अंधार. आधी हाका मारल्या. मग भाषण केलं. मग गप्प पडलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं की ही पेटी मला आतून बाहेरून ओळखते. बरोबर माझ्या मापाची आहे.

झाकण मौनीबाबाने उघडलं. म्हणाला, पाणी? मी घेतलं नाही. संशयिताचं पाणी घेत नाहीत.

२४ मार्च, सोमवार

गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवला. दोन्ही दारं काढली. सीटा काढल्या. टिक.

कानसेन आले, गुडघ्यावर बसले आणि हातमोजा काढून तळहात डाव्या उंबरठ्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने खालून एक थाप मारली. म्हणाले, इथे.

मी पंचवीस मिनिटं बोललो. चामडं, त्याची अब्रू, तीनशे बारा टाके, कलेचा खून. शेवटी आवाज भरून आला. मॅनेजर म्हणाले, झालं? उद्या उघडा.

२५ मार्च. सकाळी ६.५०

काल रात्री जेवण गेलं नाही. पट्टीच्या मागच्या त्या चार ओळी. पण हात हिचाच असणार, तिच्याशिवाय ते टाके कुणाला उसवता येत नाहीत. आणि ती पट्टी उलटी करणार नाही. कशाला करेल? तिला माहीतच नाही.

२५ मार्च. संध्याकाळी ६

जे घडलं ते क्रमाने लिहितो. डोकं थंड आहे.

दहा वाजता ही टाके उसवायची आरी घेऊन बसली. भोवती मी, मॅनेजर, कानसेन, मौनीबाबा आणि अर्धी फॅक्टरी. दोन तास एकेक टाका. चामड्यावर ओरखडा नाही. पट्टी उचलली आणि मागची बाजू थेट स्वतःच्या मांडीवर पालथी टाकली. मी मनात म्हटलं, नशीब माझ्या बाजूने आहे.

मग पोकळीत हात घातला. खांद्यापर्यंत. काहीतरी हाताला लागलं. मूठ मिटून हात बाहेर काढला. म्हणाली, ग्लूचा वाळलेला गोळा आहे, टाकून देते. गाडी हलवली. आवाज नाही. पुन्हा हलवली. नाही. मॅनेजरनी श्वास सोडला, म्हणाले, संपलं एकदाचं, चला जेवायला. लोक वळलेसुद्धा.

आणि मी स्टुलावर चढलो.

म्हटलं, थांबा! ग्लूचा गोळा टिक करत नाही, तो ठक करतो. तिसरा नियम काय सांगतो? मूठ उघडली पाहिजे!

ही हळूच म्हणाली, अहो, जाऊ द्या ना. मी म्हटलं, नियमाला नातं नसतं. मागून दोघांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे मला स्फुरण चढलं. म्हणाली, अहो, जेवायला चला, हात जोडते. मी म्हटलं, पाहा मित्रहो, गुन्हेगाराला पाठीशी घालणाऱ्याची हीच भाषा असते! मौनीबाबा म्हणाला, भूक लागली साहेब, चला. मी म्हटलं, तुला घाई का झालीय ते सगळ्यांना कळतंय!

तिने माझ्याकडे पाहिलं. तसं सोळा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मूठ उघडली.

पितळी टोपण. आतून जांभळं.

मी ताबडतोब सांगितलं की अशी टोपणं कुठेही मिळतात. मेहुण्याकडेही असू शकतं. पुरावा काय? मी गरजलो, पुरावा कुठाय?

मॅनेजर इकडेतिकडे बघायला लागले आणि त्यांची नजर हिच्या मांडीवर थांबली. पट्टी तिने दोन्ही हातांनी दाबून धरली होती. म्हणाले, बाई, ते द्या.

चार ओळी त्यांनी मोठ्याने वाचल्या. ‘सुतळी’पाशी थांबले. पुन्हा वाचल्या.

मी अजून स्टुलावरच होतो. उतरायला कुणी हात दिला नाही.

२६ मार्च

शांतपणे विचार करता, शब्द पाळला. म्हटलं होतं गुन्हेगार उभा करीन, केला. स्टुलावर. असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही.

मॅनेजरनी बोलावलं. वाटलं, काढून टाकणार. मान ताठ ठेवून गेलो, मनात निरोपाचं भाषण तयार. म्हणाले, तुम्हाला काढून कसं चालेल? आत कोण जाणार? तुमच्या मापाचा दुसरा माणूस नाही. बढती मात्र विसरा, नियम एक.

राजीनामा लिहायला बसलो. पेन सुकलेलं.

ही जेवायला वाढते, बोलत नाही.

२७ मार्च

शिलाईखान्यापाशी एक कागद लागला होता, म्हणे. मी कधी वाचला नव्हता. आज तो काढलेला दिसला म्हणून तिथल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कमाल करता, एक तारखेपासून वहिनी शिलाईखान्याच्या मुख्य होणार होत्या. दहा तारखेलाच ठरलं होतं. तुम्हाला घरी सांगितलं नाही? मग हसल्या. म्हणाल्या, सांगितलं असेल हो, तुम्ही भाषण करत असाल. आता दुसऱ्या नियमात गेलं ते.

दुसरा नियम. लपवणाऱ्यालाही तीच शिक्षा.

दहा तारखेला प्रश्नोत्तरं मी शेवटी ठेवली होती.

२८ मार्च

गिऱ्हाईक आलं. गाडीला दोन फेऱ्या घातल्या, इंजिनावरची पट्टी वाचली, मौनीबाबाशी हात मिळवला. मग उंबरठ्यावर हात फिरवून विचारलं, हे सगळं मशीनच करतं ना? मॅनेजर म्हणाले, हो, जवळजवळ.

ही तिथेच उभी होती. तीनशे बारा टाके तिने दोनदा घातले होते. मी तोंड उघडलं. तिने नकारार्थी मान हलवली. मिटलं.

२९ मार्च

मॅनेजरकडे गेलो. एकच वाक्य बोललो. दुसरा नियम काढा, साहेब. ते आणखी बोलण्याची वाट बघत राहिले. मी बोललो नाही. मग म्हणाले, छे, उलट मुख्य कचेरीला पाठवतोय, सगळ्या शेडमध्ये लागणार. फार नेमका लिहिलाय. मला स्वतःला इतका नेमका जमला नसता.

३१ मार्च, सोमवार. पेन्सिलीने

हातमोजे मौनीबाबाला मिळाले. कानसेन म्हणाले, गाडी ऐकायची तर आधी माणूस गप्प पाहिजे. सगळे हसले. ते माझ्याबद्दल बोलत नव्हते. बोलत होते.

दुपारी ४२ चा टब आला. आत गेलो. पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलपाशी. पोट थोडं अडलं, मग गेलं. वायरी ओढल्या.

डावी पट्टी घेऊन ही आली. खाली बसली. पांढरी बाजू माझ्या तोंडासमोर धरली आणि धरूनच राहिली. दुसऱ्या हातात माझं पेन. धुऊन शाई भरलेलं, आणि टोपण मेणाच्या दोऱ्याने पेनाला बांधलेलं, तिच्या त्या न सुटणाऱ्या गाठीने. सहा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, अहो, लिहायचंय का काही, की लावू?

खूप काही होतं.

म्हटलं, तुला काय सांगायचं होतं, ते सांग.

म्हणाली, आता काय त्याचं. आणि पट्टी लावली. आतून मला एकेक टाका ऐकू येत होता. तीनशे बारा मोजले.